वही पुन्हा उघडणाऱ्यांसाठी

विशीत स्वतःची गाणी लिहिली, स्वतःच चाली लावल्या, आणि मग नोकरी, घराचे हप्ते, मुलांच्या शाळा, आईवडिलांची आजारपणं यांत ते सगळं मागे पडलं, अशा माणसांसाठी हा लेख आहे. बोळिंजमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत. विरारच्या पश्चिमेला वाड्या-विहिरींचं हे गाव बघताबघता इमारतींनी भरलं, म्हाडाची हजारो घरं झाली. परवडणारं घर शोधत मुंबईतून, कोकणातून, खानदेशातून कुटुंबं इथे आली. त्यांच्या सामानात पेट्या होत्या, गिटारी होत्या, आणि कपाटावर चढवून ठेवलेल्या वह्याही होत्या.

ती वही खाली काढायची असेल तर एकच गोष्ट सांगायची आहे, बाकी सगळं तिच्या अनुषंगाने येईल. आधी एक नवं गाणं पूर्ण करा. जुन्या कॅसेटी ऐकणं, नवा मायक घेणं, यूट्यूबवर चॅनेल काढणं हे त्यानंतर. पूर्ण म्हणजे शब्द ठरलेले, चाल ठरलेली, वहीत न बघता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत गाता येणारं, आणि घराबाहेरच्या निदान एका माणसाने ऐकलेलं. मुखडा आणि दोन अंतरे पुरेत. परतणारा माणूस बहुतेक वेळा अडकतो तो इथेच. त्याच्याकडे वीस मुखडे असतात आणि एकही गाणं नसतं.

या वाटेवरून खरोखर चाललेली एक बाई म्हणजे इंग्लंडची व्हॅश्टी बन्यन. १९६०च्या दशकात ती स्वतः लिहून, गिटारवर चाल लावून गात होती. लंडनमध्ये जम बसेना, तेव्हा ती घोडागाडीतून स्कॉटलंडच्या बेटांकडे निघाली. त्या प्रवासात सुचलेल्या गाण्यांचा अल्बम, ‘जस्ट अनदर डायमंड डे’, १९७०मध्ये निघाला. तो जवळजवळ कुणी घेतलाच नाही. तिने गाणं सोडलं, मुलं वाढवली, जनावरं पाळली. तीसेक वर्षांनी संगणकावर स्वतःचं नाव शोधताना तिला कळलं की त्या विसरलेल्या रेकॉर्डचा लोक शोध घेत आहेत. २०००मध्ये ती रेकॉर्ड पुन्हा निघाली. मला महत्त्वाचं वाटतं ते त्याच्या पुढचं. जुन्या कौतुकावर ती थांबली नाही. नवी गाणी लिहून २००५मध्ये तिने दुसरा अल्बम काढला. तिसरा २०१४मध्ये आला, आणि तो तिने बराचसा घरच्या घरी, संगणकावर वाद्यांचे सूर एकेक करून बसवत तयार केला. सत्तरीच्या उंबरठ्यावर ती हे तंत्र वापरत होती. त्या एका अल्बमला कित्येक वर्षं लागली, ती तिने लागू दिली.

आपल्याकडेही सुधा मल्होत्रांनी लग्नानंतर, १९६०च्या सुमारास, हिंदी चित्रपटांचं पार्श्वगायन सोडलं आणि १९८२च्या ‘प्रेमरोग’साठी त्या पुन्हा माइकसमोर आल्या. ‘दीदी’ चित्रपटातल्या ज्या गाण्याला त्यांनी स्वतः चाल दिली होती, ते तर आजही ऐकलं जातं. वसंतराव देशपांड्यांनी वर्षानुवर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी केली. १९६७मध्ये त्यांनी गाजवलेलं ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. या दोघांचा गळा असामान्य होता, ते खरंच. पण त्यांनी मधली वर्षं लपवली नाहीत. वसंतरावांच्या गाण्यात ती वर्षं ऐकू येतात.

म्हणून नव्या गाण्याचा विषय कॉलेजच्या वहीत शोधू नका. तेव्हाची भाषा तेव्हाच्या तोंडाची होती. आज तुम्हाला जे ठाऊक आहे ते लिहा: पहाटेचा डबा, वडिलांच्या औषधांची वेळ, पावसात तुंबलेला रस्ता, दहावीच्या मुलीशी न जमणारं बोलणं. आणि ज्या बोलीत घरी बोलता त्या बोलीत लिहून बघा. बोळिंज, आगाशी, नंदाखाल या पट्ट्यात वाडवळी आहे, सामवेदी किंवा कुपारी आहे. किनाऱ्याला कोळी बोली आहे. नव्या इमारतींत मालवणी आणि अहिराणीही कानावर पडते. लग्नात आणि हळदीला या बोली गातातच. नोकरीबद्दल, एकटेपणाबद्दल, इथल्या नव्या आयुष्याबद्दल त्यांत अजून फार थोडं गायलं गेलंय. तिथे जागा मोकळी आहे.

शब्द आधी की चाल आधी, हा वाद जुना आहे. यशवंत देव स्वतः कवीही होते आणि संगीतकारही. त्यांनी ‘शब्दप्रधान गायकी’ नावाचं पुस्तकच लिहिलं. भावगीताकडे वळणाऱ्याने ते जरूर वाचावं. माझं मत विचाराल तर परतल्यावरच्या पहिल्या गाण्याला शब्द आधी घ्या. चाल आधी सुचली की ती बहुधा तुमच्या जुन्याच चालींपैकी एखादी निघते, कारण बोटांना तेवढीच वाट आठवत असते. शब्द नवे असले की त्यांचे जोर, त्यांची लांबी चालीला वेगळ्या वाटेने जायला लावतात. चार ओळी लिहिल्या की त्या नुसत्या बोलून बघा, आघात कुठे पडतो ते पाहा, आणि मग ठेका ठरवा. आठ मात्रांचा केरवा आणि सहा मात्रांचा दादरा, दोन्हींत एकदा म्हणून बघा. एकात ओळ धावते, दुसऱ्यात झुलते. कुठली तुमची, ते लगेच कळेल.

वेळ कुठून काढायचा? विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर, जाताना दीड तास, येताना दीड तास. चर्चगेटपर्यंत न जाणाऱ्यांचेही दोन-अडीच तास जातातच. यातला सकाळचा वेळ शब्दांसाठी राखा. विरारहून सुटणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळण्याची शक्यता तरी असते, आणि ओळी मनात घोळवायला बसलेला माणूस लागतो. मोबाइलवर लिहिण्यापेक्षा खिशात मावणारी छोटी वही बरी. मोबाइल उघडला की दुसरंच काहीतरी उघडतं. परतीच्या गर्दीत काही सुचलं तर उतरल्यावर, स्टेशनबाहेर आल्यावर, मोबाइलमध्ये गुणगुणून ठेवा. दाराशी लटकत मोबाइल तोंडाशी धरू नका. त्या फायलीला तिथल्या तिथे नाव द्या: तारीख, पट्टी, पहिला शब्द. नाव नसलेल्या दोनशे तुकड्यांतून पुन्हा कुणीही काही शोधत नाही.

आता गळा. बरीच वर्षं न गायलेला गळा पहिल्या आठवड्यात फसवतो: एक-दोन दिवस छान लागतो, म्हणून माणूस जुनी वरची जागा घ्यायला जातो आणि आवाज बसतो. पहिला महिनाभर रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. खर्जापासून सुरुवात करा, सा लांब धरा, मग हळूहळू मध्य सप्तकात या. तार सप्तकात पूर्ण जोर लावायचा मोह टाळा. आणि पट्टी उतरवायला संकोच करू नका. कॉलेजात काळी दोनमध्ये गाणारा पुरुष आज पांढरी एकमध्ये रमला तर त्यात काही गेलेलं नाही. खालच्या पट्टीत शब्द जास्त स्वच्छ लागतात, आणि स्वतःचं गाणं सांगणाऱ्याला तेच हवं असतं. गिटारवर कॅपोने पट्टी फक्त वर जाते. खाली यायचं तर सगळ्या तारा अर्धा किंवा एक स्वर उतरवून लावा. पाणी भरपूर प्या, दिवसभर फोनवर बोलण्याची नोकरी असेल तर रियाज सकाळी करा. आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

वाद्यांचीही तब्येत बघावी लागते, विशेषतः इथे. अर्नाळ्याचा समुद्र जवळ आहे आणि हवा वर्षातले बरेच महिने दमट असते. न वाजवलेल्या तारासुद्धा गंजतात, म्हणून गिटार बाहेर काढल्यावर आधी तारांचा नवा संच घाला. जुन्या तारांवर सूर लागत नाही आणि माणूस स्वतःच्या कानाला दोष देत बसतो. मान वाकून तारा उंच झाल्या असतील तर दुरुस्त करून घ्या, नाहीतर मऊ पडलेली बोटं दोन दिवसांत हार मानतील. पेटीचा भाता हवा सोडतो का, कुठली सुरपट्टी गंजून मुकी झाली आहे का, हे जाणकाराकडून तपासून घ्या. पावसाळ्यात बाहेरच्या ओल्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात कुठलंच वाद्य ठेवू नका. पेटीत आणि गिटारच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका.

गाणं पूर्ण झालं की ध्वनिमुद्रण. इथे माझं आग्रहाचं सांगणं आहे की पहिलं गाणं हातातल्या मोबाइलवरच रेकॉर्ड करा. महागडा मायक बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आधी शेजारच्या बांधकामाचा आवाज टिपतो, मग रिक्षाचा, मग कुकरच्या शिट्टीचा, आणि शेवटी तुमचा. आधी खोली नीट करा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून गा. पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाका. पंखा बंद, फ्रिज तेवढ्यापुरता बंद. मोबाइल तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटणार नाहीत. शक्यतो ‘वेव्ह’ प्रकारची फाइल घ्या. रेकॉर्डर पातळी दाखवत असेल तर सर्वांत मोठ्या जागेला काटा उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकदा फाटलेला आवाज नंतर नीट दुरुस्त करता येत नाही, कमी आलेला वाढवता येतो.

मोबाइलवर बँडलॅब, आयफोनवर गॅरेजबँड, संगणकावर ऑडॅसिटी ही विनामूल्य साधनं सुरुवातीला पुरून उरतात. यातलं एकच निवडा आणि निदान तीन गाणी होईपर्यंत बदलू नका. तानपुऱ्याच्या ॲपवर सूर धरा, पण ठेका यंत्राचा घेण्याआधी एकदा नुसत्या गिटारवर किंवा पेटीवर संपूर्ण गाणं घ्या. ते उघडं, साधं रेकॉर्डिंगच पुष्कळदा शेवटी टिकतं. पाच-सहा गाणी झाल्यावरही हौस टिकली तर ऑडिओ इंटरफेस आणि एक बरा मायक घ्या. तोवर आपल्याला काय हवं हेही कळलेलं असतं.

जुन्या कॅसेटींकडे आता वळायला हरकत नाही. आधी नुसती डोळ्यांनी तपासा. टेपवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका. बुरशी डेकमध्ये जाते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती जाणकाराकडे द्या. बाकीच्या वाजवण्याआधी एकदा पुढे आणि मागे गुंडाळून घ्या. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेपला हेडवर दाबणारी नमद्याची छोटी गादी गळून पडली असेल तर टेप दुसऱ्या खोक्यात घालून घ्यावी लागते. डेकच्या लाइन-आउटमधून थेट संगणकात, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटमध्ये घ्या, आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. मूळ फाइलवरची खरखर काढू नका. स्वच्छ करायची ती प्रत वेगळी. आणि ऐकताना वही जवळ ठेवा: संपूर्ण गाणं वाचवायच्या मागे न लागता एखादी चाल, एखादी ओळ आजच्या गाण्यात घेता येते का ते बघा.

घराबाहेरच्या एका माणसाने ऐकलेलं असावं असं वर म्हटलं, त्यामागे कारण आहे. एकट्याने खोलीत बसवलेलं गाणं दुसऱ्याच्या समोर म्हणताना कुठे लांबतंय ते सांगावं लागत नाही, म्हणतानाच कळतं. बोळिंजमध्ये यासाठी सभागृहाची वाट बघायची गरज नाही. लोकलमधली भजनी मंडळं आहेत. रोजच्या डब्यात टाळ घेऊन बसणारी ही माणसं नव्या माणसाला सहज सामावून घेतात, आणि वर्षानुवर्षं न वाजवलेल्या हाताला पुन्हा ठेक्यात बसवायला त्यांच्यासारखी शाळा नाही. वसईच्या धर्मप्रांतात उपासना मराठीत होते, त्यामुळे नंदाखालपासून वसईपर्यंत चर्चच्या गायनवृंदांत मराठी गाणारी, सुरावटी वाचणारी, गिटार आणि कीबोर्ड वाजवणारी मंडळी आहेत. गणेशोत्सवात सोसायटीच्या मांडवात एखादी संध्याकाळ मागितली तर मिळते. तिथे तीन ओळखीची गाणी म्हणा आणि मध्ये एक स्वतःचं, ते स्वतःचं आहे असं आधी न सांगता. लोक बोलत राहतात की थांबतात, ते बघा.

हक्कांच्या बाबतीत मात्र गाफील राहू नका. नुकसान होतं ते इथे, आणि ते सहसा वर्षांनंतर कळतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलं त्या क्षणी शब्दांचा हक्क गीतकाराचा आणि चालीचा संगीतकाराचा होतो. नोंदणी सक्तीची नाही, पण पुरावा म्हणून उपयोगी आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षं. मित्राने तबला वाजवला, दुसऱ्याने मिक्सिंग केलं, घरच्याच कुणी अंतरा सुचवला, तर कुणाचं काय आणि किती, हे गाणं बाहेर जाण्याआधी साध्या कागदावर लिहून सह्या घ्या. मैत्री टिकवायची असेल तर हे विशेष करून करा.

तरुणपणी एखाद्या कॅसेट कंपनीला गाणी दिली असतील तर तो करार शोधून वाचा. पुढचे तीन नियम कायद्याची १९९४ची दुरुस्ती लागू झाल्यानंतरच्या करारांनाच आहेत. हक्क दिल्याची मुदत करारात लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क कंपनीने वर्षभरात वापरलाच नसेल आणि करारात वेगळं काही नसेल, तर तो हक्क सुटतो. रचनाकार म्हणून तुमचं नाव लावून घेण्याचा अधिकार तर हक्क विकल्यावरही तुमच्याकडेच राहतो. २०१२च्या दुरुस्तीने आणखी एक मोठी गोष्ट केली: गीतकार आणि संगीतकाराला आपल्या रॉयल्टीचा वाटा वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला सोडून दुसऱ्या कुणाला देऊन टाकता येत नाही. तसं लिहून घेणारा नवा करार समोर आला तर सही करू नका. करार गुंतागुंतीचा वाटला तर वकिलाची एका भेटीची फी द्या, ती वसूल होते.

ही रॉयल्टी गोळा करणारी संस्था म्हणजे १९६९मध्ये स्थापन झालेली, मुंबईतली इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. शब्द आणि चाल दोन्ही तुमचे असतील तर दोन्ही नात्यांनी सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक गाण्याची नोंद करा; नुसतं सदस्य होऊन गाणी न नोंदवणाऱ्यांचे पैसे कुणाच्या नावावर पडायचे? वारसाचं नावही तेव्हाच भरून टाका.

दुसऱ्याच्या कवितेला चाल लावायची असेल तर आधी हिशेब करा. संतांचे अभंग, केशवसुत, बालकवी यांच्यावर आज कुणाचा हक्क नाही. कुसुमाग्रज १९९९मध्ये गेले, पाडगावकर २०१५मध्ये. त्यांच्यासारख्यांच्या कवितेसाठी हक्कधारकांची लेखी परवानगी लागेल. ती मागायला लाजू नका. २०१०मध्ये कौशल इनामदारांनी सुरेश भटांच्या कवितेवरून उभं केलेलं मराठी अभिमानगीत लोकांच्या वर्गणीतून झालं, शेकडो गायकांनी त्यात सूर मिसळला. कंपनीच्या दाराशी न जाताही मोठं काम होतं, एवढं त्यावरून पटायला हरकत नाही.

गाणं ऐकण्याच्या ॲपवर पोहोचवायला वितरक लागतो: डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, राउटनोट, सीडी बेबी असे अनेक आहेत. निवडताना दोन प्रश्न विचारा. वार्षिक फी भरणं थांबलं तर गाणं उतरवलं जातं का? आणि कमाईतला किती टक्का ते ठेवतात? प्रत्येक ध्वनिमुद्रणाला १२ अक्षरांकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो. तो जपून ठेवा, कारण पुढे वितरक बदलला तरी त्याच ध्वनिमुद्रणाला तोच क्रमांक द्यायचा असतो. भाषेच्या रकान्यात मराठी निवडा आणि स्वतःचं नाव सगळीकडे एकाच पद्धतीने लिहा. भाड्याने घेतलेली बीट वापरली असेल आणि ती इतरांनाही दिलेली असेल, तर ते गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत टाकू नका. ज्यांनी तीच बीट वापरली त्यांच्या गाण्यांवर तुमचे दावे लागतील, आणि त्यांचे तुमच्यावर.

पैशाची अपेक्षा खरी ठेवा. २०२४पासून स्पॉटिफायवर वर्षभरात किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टी मिळतच नाही. त्यामुळे ‘दहा हजार स्ट्रीम मिळवून देतो’ असं सांगणारे फोन येऊ लागतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका. विकत घेतलेले ऐकणारे खोटे असतात, ते पकडले गेले की गाणं उतरवलं जातं आणि वितरक दंडही लावू शकतो. त्यापेक्षा गाणं ज्यांच्याबद्दल आहे अशा पन्नास माणसांना स्वतः पाठवा, प्रत्येकाला वेगळ्या दोन ओळी लिहून. वाडवळीतलं गाणं असेल तर ते आधी वाडवळी बोलणाऱ्या घरांत जाऊ द्या.

गाणं वितरकाकडे दिल्यावर प्रसिद्धीच्या तारखेपर्यंत तीन-चार आठवडे जाऊ द्या. ॲपवर शब्द चढवायला, मुखपृष्ठ नीट करायला आणि कॉपीराइट सोसायटीत नोंद करायला तेवढे लागतात. याच आठवड्यांत, पहिलं गाणं लोकांपर्यंत पोहोचायच्या आत, दुसऱ्या गाण्याचा मुखडा सकाळच्या गाडीत लिहायला घ्या. आकड्यांकडे बघायची सवय लागण्यापूर्वी तो वहीत असायला हवा.